अक्काच्या नळाचा खड्डा

माझा भाचा सुरतेला असतो. कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, फ्लॅट आहे, आणि फ्लॅटला चोवीस तास पाणी आहे. हे चोवीस तास पाणी तो मला प्रत्येक फोनवर ऐकवतो. होळीनंतर त्याचा फोन आला तेव्हाही सुरुवात तिथूनच झाली. मग म्हणाला, "मावशी, तू एकदा गावाला जाऊन ये. सगळं नीट तपास आणि आईला स्पष्ट सांग, की वरच्या गल्लीत पाणी येणं शक्य नाही. तू इंजिनियर आहेस. तुझं ऐकेल ती."

"अरे वा," मी म्हटलं, "तपासायचं मी, आणि निकाल तू आधीच लावून ठेवलायस."

 तो हळूच म्हणाला, "ती पुन्हा पडली तर, मावशी?" मी जाते म्हटलं.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. घरचे आणि गावातले सगळे तिला अक्काच म्हणतात. भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. अमळनेरहून धुळ्याकडे येताना एक फाटा लागतो, तिथून आत तिचं सासर. गाव उतारावर वसलेलं. खालची गल्ली नाल्याच्या बाजूला, वरची गल्ली टेकाडावर, आणि अक्काचं घर वरच्या गल्लीतही पार शेवटी. घरी नळ आहे, नळाला पाणी नाही. म्हणून ती रोज खालच्या गल्लीतून हंडा भरून चढ चढायची. होळीच्या तोंडावर त्याच चढावर तिचा पाय घसरला. हंडा एकीकडे, अक्का एकीकडे, आणि मनगट मोडलं. भाचा धावत आला, प्लास्टर करून घेतलं आणि म्हणाला, चल सुरतेला. अक्का म्हणाली, आखाजी होऊ दे. आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा मोठा मान देतात. तो म्हणाला, ठीक आहे, आखाजी झाली की घराला कुलूप लावायचं आणि निघायचं. ठरलं. म्हणजे त्यानं ठरवलं. अक्का हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून धुळ्यातच आहे. रागीट म्हणून माझं नाव होतं, अजून आहे, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. पण भाच्याचा फोन ठेवल्यावर मला राग आला नाही, भीती वाटली. अक्का सुरतेला गेली तर ती तिथे कुणाशी बोलेल? तिसऱ्या मजल्यावर, दार बंद, खाली गुजराती बोलणारे शेजारी. लोक चांगलेच असतात, तो प्रश्न नाही. पण अक्काला सकाळपासून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला "कोठे चालना रे?" असं विचारायची सवय. तिथे ती कुणाला विचारणार, लिफ्टला?

पिशवी भरली आणि एसटीत बसले.

दुपारी पोचले तर अक्का ओसरीवर एका हातानं तूर निवडत बसलेली. मला बघून म्हणाली, "उनी का इंजिनियरबाई? तुले त्यानीच धाडं ना?" म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "पाणी येणं शक्य नाही असं तुला सांगायला आलेय."

"मंग सांग."

"आधी बघू तर दे."

तिनं मला माठातलं पाणी दिलं. ते पाणी कुणीतरी खालून आणून दिलेलं होतं, आणि देताना तिनं तांब्या अर्धाच भरला होता. पाहुणीला अर्धा तांब्या देणारी माझी बहीण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिच्याही ते लक्षात आलं आणि तिनं मान दुसरीकडे फिरवली.

मला काम अर्धवट करता येत नाही. नळ बघायचा म्हटलं तरी मी सगळं गाव बघून काढलं. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे जळत होते, कारण बटणाची पेटी गंजलेली आणि कोण हात लावणार म्हणून कुणीच हात लावत नव्हतं. नव्या काँक्रीटच्या गटारीला उतार उलटा दिलेला, त्यामुळे सांडपाणी नाल्याकडे जायचं सोडून शाळेच्या फाटकाशी येऊन थांबलेलं. ज्यानं ती गटार बांधली तो माझ्या हाताखाली असता, तर त्याला तिथेच उभा करून मी पाणी वाहवून दाखव म्हटलं असतं. बस थांब्याला शेड होती, शेडखाली दोन शेळ्या आणि एक म्हातारे आबा. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही सर्व्हेवाल्या का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग येतस आनि जातस," आणि बिडी पेटवली.

सरपंचांना गावात नाना म्हणतात. खालच्या गल्लीत राहतात. माणूस भला, फक्त स्वतःच्या आवाजावर प्रेम जरा जास्त. त्यांनी मला चहा पाजला, शेव-मुरमुरे पुढे केले आणि सांगितलं, "ताई, गोष्ट सोपी आहे. टाकीच बुटकी आहे. पाणी वर चढणार कसं? नवी उंच टाकी मिळाल्याशिवाय काही होणार नाही. आम्ही दर ग्रामसभेत ठराव करतो. पुढे कुणी ऐकत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"टाकी बुटकी आहे हे कुणी मोजलं?"

"मोजायचं काय त्यात? डोळ्यांनी दिसतं."

डोळ्यांनी दिसतं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी एका गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आणली. ती साधी पारदर्शक नळी असते, आत पाणी भरलेलं. दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येऊन थांबतं, आणि कुठली जागा उंच, कुठली सखल ते कळतं. एक टोक मी धरलं. दुसरं धरायला कुणी मोकळं नव्हतं, तर अक्का म्हणाली, "मना एक हात शे ना," आणि प्लास्टर नसलेल्या हातानं तिनं नळी धरली. टाकीच्या खांबापासून सुरुवात केली. भिंतीवर कोळशानं खूण करायची, पुढे सरकायचं, पुन्हा खूण करायची. अशा आम्ही दोघी बहिणी नळी धरून भर उन्हात गावातून निघालो. बायका दारात येऊन बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "काय व अक्का, बहिनले दोरीशी बांधी लयी का?" अक्का म्हणाली, "पयी जाई म्हनी बांधी." मी पळून जाईन म्हणून!

अक्काच्या उंबऱ्यापाशी शेवटची खूण केली आणि मी तिथेच पायरीवर बसले. दोनदा हिशोब करून पाहिला. टाकीचा तळ अक्काच्या उंबऱ्यापेक्षा उंच होता. थोडाथोडका नव्हे, चांगला माणूसभर. नानांच्या बुटक्या टाकीतून पाणी अक्काच्या दारातच काय, तिच्या कमरेइतकं वर यायला हवं होतं.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग येत का नही?"

हाच प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या वेळेला मी खालच्या गल्लीत जाऊन उभी राहिले, आणि पाचएक मिनिटांत मला सगळं समजलं. समजायला इतका वेळ लागला याचाच राग आला.

खालच्या गल्लीत एकाही दारात नळ दिसत नव्हता. प्रत्येक दारासमोर एक खड्डा. खड्ड्यात उतरायला दगड नाहीतर विटांची पायरी, आणि तळाशी नळ. बाई खड्ड्यात उतरते, हंडा भरते आणि वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देते. पाणी कमी दाबानं येतं, मग नळ जमिनीखाली नेला की जरा जोरात येतं. शेजारणीनं तिचा नळ हातभर खाली नेला की आपला बंद पडतो. मग आपण दीड हात खाली न्यायचा. मग ती दोन हात. अशी सगळी गल्ली वर्षानुवर्षं एकमेकांच्या खाली खाली चाललेली. कुठल्याही नळाला तोटी नाही, कारण तोटी लावायला त्या खड्ड्यात वाकणार कोण. पाणी आलं की हंडे भरेपर्यंत वाहायचं, आणि भरल्यावरही वाहायचं. मग टाकीतलं पाणी टेकाडावर का जाईल? त्याला खाली जायला इतके खड्डे मोकळे होते.

नानांच्या खड्ड्याला टाइल्स लावलेल्या होत्या. निळ्या. कठडाही होता. नानांनी तो मला मोठ्या हौसेनं दाखवला.

"नाना," मी विचारलं, "पाणी बंद झाल्यावर खड्ड्यात साचलेलं पाणी कुठं जातं?"

"जिरतं."

"टाइल्समधून जिरतं? ते उलटं पाइपात ओढलं जातं. काल तुम्ही ज्यात पाय धुतले ते आज तुमच्या घरी प्यायलं जातं. वर नातवंडांना जुलाब झाले की तुम्ही हवेला दोष देता."

नानांना मिरच्या झोंबल्या. पण पाहुणी, त्यातून अक्काची बहीण, म्हणून त्यांनी राग गिळला. संध्याकाळी त्यांनी खालच्या गल्लीतल्या चार जणांना ग्रामपंचायतीत बोलावलं. मी सरळ सांगितलं, की नव्या टाकीची गरज नाही. सगळ्यांनी खड्डे बुजवा, नळ कमरेइतका वर घ्या, तोट्या लावा, आपलं भरून झालं की तोटी बंद करा. पाणी तुम्हालाही येईल आणि वरच्या गल्लीलाही. ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकानं विचारलं, "पन पहिला कोन बुजी?" तिथे गाडी अडली. जो पहिला बुजवील त्याचं पाणी बंद. दुसरा बुजवेपर्यंत त्यानं काय करायचं? दुसरा म्हणतो, तिसऱ्यानं आधी. मी म्हटलं, सगळे एकाच दिवशी बुजवा. सगळे म्हणाले, हो, बरोबर आहे, एकाच दिवशी. कुठल्या दिवशी ते मात्र कुणीच सांगेना.

शेवटी नाना उठले. जाता जाता म्हणाले, "ताई, राग येऊ देऊ नका. पण गावात पहिला खड्डा कुणी खोदला, ते एकदा तुमच्या अक्काला विचारा. तो बुजला की आमचं बघू."

मी घरी आले ती धुमसतच. अक्काच्या परसात तो खड्डा होताच. मी तो आल्या दिवशीच पाहिला होता, पण त्यात पाणी नव्हतं म्हणून तिकडे लक्ष दिलं नव्हतं. तीन काळ्या दगडांच्या पायऱ्या, सुबक घडवलेल्या. तळाशी एक रुंद दगड, हंडा टेकवायला. अक्का आता त्या गारव्यात भाजी आणि दह्याचं मडकं ठेवायची. वरच्या पायरीवर बसून संध्याकाळची हवा खायची.

"हा पहिला का गावातला?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुना भाऊजीनी खंदा. पानी कमी यायला लागं व्हतं ना. माले वाकाले नको म्हनी पायऱ्या बठाड्या. मी खाले उभी ऱ्हाऊ, तुना भाऊजी वरथून हंडा उचली लेत. मंग बठ्ठास्नी देखी देखी खंदं."

म्हणजे सुरुवात आमच्याच घरापासून होती. भाऊजींनी बायकोच्या सोयीसाठी एक चांगली गोष्ट केली, ती सगळ्या गावाला आवडली, आणि वीस घरांनी ती केल्यावर तिच्यापायीच अक्काचा नळ कोरडा पडला. मी नानांचं म्हणणं तिला सांगितलं. म्हटलं, "तुझा खड्डा तू बुजव म्हणतात."

तिचा चेहरा बदलला. "तो खड्डा नही व. तुना भाऊजीना हातनं काम शे."

"अक्का, त्याच्यात पाणी नाही."

"नसू दे."

"तो बुजवला नाही तर खालचे बुजवणार नाहीत. खालचे बुजले नाहीत तर पाणी येणार नाही. पाणी आलं नाही तर तू सुरतेला जाणार. मग या पायऱ्यांवर कोण बसणार आहे?"

एवढं बोलून गेले आणि माझंच मला वाईट वाटलं. अक्कानं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या, एका हातानं थापून, मी मदत करू म्हटलं तर करू दिली नाही. खरं सांगायचं तर पाण्याच्या हिशोबानं तिचा खड्डा बुजवायची गरजच नव्हती. उलट तो होता तसा राहिला असता तर तिला पाणी जरा जास्तच मिळालं असतं. पण हे खालच्या गल्लीला कुणी सांगायचं? तिथे प्रश्न पाण्याचा नव्हताच, आधी कोण मागे सरतो याचा होता.

मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला परत आले. भाच्याचा फोन आला. "सांगितलंस?" "सांगितलं." "काय म्हणाली?" "काही नाही." तो म्हणाला, "मग मी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी येतो." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

आखाजीला माहेरवाशिणी घरी येतात. खानदेशात ज्या घरची लेक आखाजीला आली नाही त्या घरात आमरसही गोड लागत नाही. मीही दरवर्षी अक्काकडे जाते, कारण आईबाप गेल्यापासून माझं माहेर तेच. या खेपेला सण दोन दिवसांवर असताना पोचले. फाट्यापासून चालतानाच लांबून मोठमोठ्यानं हसणं ऐकू आलं. अक्काच्या दारात भलं मोठं कडुनिंबाचं झाड आहे, आणि आखाजीचा झोका वर्षानुवर्षं त्याच झाडाला बांधतात. गावातल्या सगळ्या लेकी, वरच्या गल्लीतल्या, खालच्या गल्लीतल्या, लग्न होऊन मुलंबाळं झालेल्यासुद्धा, त्या झोक्यावर बसायला अक्काकडे येतात.

पण झोका रिकामा होता. सगळ्या जणी परसात गोळा झाल्या होत्या. मी आत गेले तर अक्का त्या खड्ड्यात उतरलेली. प्लास्टर नुकतंच काढलेलं, मनगट बारीक झालेलं, आणि ती सबलीनं, म्हणजे पहारीनं, खालची पायरी उचकटत होती.

"काय करतेस अक्का?"

"पायऱ्या काढी ऱ्हायनू. खड्डा बुजना तरी पायऱ्या कसाले बुजू? वर लावसु. नळखाले ओटा करसु, हंडा ठेवाले." मग जरा थांबून म्हणाली, "त्यास्नी माले वाकाले नको म्हनीच केलं व्हतं ना. आते वरच भरसु."

मला एकदम भरून आलं. मी तिच्यावर ओरडले, त्या हातानं सबल उचलतेस म्हणून, कारण भरून आलं की मला ओरडायचंच सुचतं. तिनं माझ्याकडे लक्षही दिलं नाही.

नानांची लेक शिरपूरला दिलेली आहे. पोरगी चटपटीत, कमरेला पदर खोचून उभीच होती. तिनं मला विचारलं, "मावशी, हा बुजला की अक्काला पाणी येईल?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या बापाचा बुजला की येईल. आणि बाकी सगळ्यांचा."

"मग आमच्या दारातला कुणी बुजवू देत नाही का?"

"विचारून बघ."

ती म्हणाली, "विचारायचं कशाला? सगळे पत्त्यांत बसलेत."

ही आखाजीची दुसरी रीत. बायका झोके खेळतात आणि पुरुष पत्ते कुटतात. आखाजीच्या आधीपासून गावातले सगळे पुरुष नाल्याकाठच्या आंब्याखाली सतरंज्या टाकून जे बसतात, ते जेवायला बोलावलं तरी हलत नाहीत. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदारसुद्धा त्या दिवसांत मोकळा. घर पेटलं तरी त्यांना हातातला डाव संपल्यावर कळेल.

मग जे झालं ते मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. त्या लेकी झोका सोडून खाली गेल्या. आधी अक्काचा खड्डा भरला, मग नानांचा, मग गल्लीतला प्रत्येक. नाल्याजवळ विहिरीच्या खोदकामाचा मुरूम पडलेला होता, तो पाट्या भरभरून आणला. सासुरवाशिणींना, म्हणजे त्या घरच्या सुनांना, आधी भीती वाटली. मग रोज खड्ड्यात कोण उतरतं ते त्यांना आठवलं असावं, कारण पाट्या उचलायला त्याच पुढे आल्या. प्लंबिंगचं सामान मी अमळनेरहून मागवून घेतलं. नळ वर घ्यायचं काम एका फिटरनं केलं. गावात पत्ते न खेळणारा तो एकटाच पुरुष होता, कारण त्याच्या बायकोनं त्याला शपथ घातली होती. नानांच्या निळ्या टाइल्सवर मुरूम पडताना मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही.

संध्याकाळी नाना आंब्याखालून परत आले. दारात खड्डा नाही. कमरेइतक्या उंचीवर नवा नळ, त्याला तोटी. आणि शेजारी त्यांची लेक, मातीनं माखलेली. नानांचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, आणि मिटलं. आखाजीला आलेल्या लेकीला कोण बोलणार? तिला रडवून सासरी पाठवलं तर गाव वर्षभर तोंडात शेण घालील. ते मलाच म्हणाले, "ताई, तुम्ही शिकवलं हे."

"मी फक्त पातळी मोजली, नाना," मी म्हटलं. "तुमच्या लेकीला विचारा."

लेक म्हणाली, "नाना, आमच्याकडे नळ उभ्यानं भरतात. माझी आई रोज खड्ड्यात उतरते. तुम्ही एकदा तरी उतरलात?"

नाना घरात गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि तोटी उघडून-बंद करून बघायला लागले. बायको आतून ओरडली, "उगीच खराब करू नका." ते म्हणाले, "बघतोय फक्त."

लेकींपुढे बाकीच्या घरांतही कुणाचं चाललं नाही, आणि शेवटचा खड्डा आखाजीच्या आदल्या संध्याकाळी बुजला. मी अक्काला काही सांगितलं नाही, पण मला धास्ती होती. हिशोब बरोबर होता, तरीही. जुना पाइप, कुठे चोंदलेला असला, कुठे फुटका असला तर? वरच्या टोकाला पाणी आलंच नाही, तर या बाईनं नवऱ्याच्या हातचं काम उगाच मोडलं असं होईल. ते मला सहन झालं नसतं.

आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरायची असते. नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, वर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, आणि गेलेल्या माणसांच्या नावानं घास. अक्का दरवर्षी त्या घागरीचं पाणीही खालून आणायची. त्या सकाळी तिनं घागर धुतली आणि परसात नेऊन नळाखालच्या ओट्यावर ठेवली. त्या काळ्या पायऱ्यांच्या ओट्यावर. मी म्हटलं, "अक्का, थोडं पाणी आणून ठेवू का खालून? नाहीच आलं तर."

"नको," ती म्हणाली.

पाणी सुटलं. खालच्या गल्लीत प्रत्येक नळापाशी एक लेक उभी होती. मी सांगितल्याप्रमाणे, भरलं की तोटी बंद. खाली एकेक तोटी बंद होत आली. आमचा नळ कोरडाच. मग त्याच्यातून नुसती हवा आली, फुसफुस. मग गंजाचं लाल पाणी, चमचाभर. मग परत नुसती हवा. मी दुसरीकडे बघायला लागले. अक्का नळाकडेच बघत होती. आणि मग एकदम धार आली, आधी लाल, मग पिवळी, मग स्वच्छ. घागरीत पडल्याचा आवाज यायला लागला.

माझा जीव भांड्यात पडला. मी ओट्याच्या कडेला टेकले आणि मला हसूच आवरेना. खालच्या गल्लीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "उनं का?" वरच्या गल्लीतल्या बायका आपापल्या नळाकडे धावल्या. अक्कानं घागर भरू दिली. काठोकाठ भरली तेव्हा तोटी बंद केली, आणि पदरानं डोळे पुसले. मग भाऊजींच्या नावानं घागर देवघराजवळ नेऊन ठेवली. ओट्यावरून उचलताना वाकावं लागलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाचा. म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी निघतो. आईची बॅग भरून ठेव."

मी फोन अक्काच्या हातात दिला. ती फोन घेऊन परसात गेली, नळाची तोटी पूर्ण उघडली आणि फोन धारेजवळ धरला. बराच वेळ धरला. मग कानाला लावून म्हणाली, "ऐकं का? तुना बापना नळ शे हा." पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. अक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "ये ना उद्या. पोरंस्ले बी लयी ये. पन बॅग तुनी भरी आन. ऱ्हाई जाय चार दिवस."

मग तिनं तोटी बंद केली, नीट दाबून.